डोमाजी आजोबांनी घाट पाहिला

तुम्ही आता हसाल, पण त्या दिवशी माझी चांगलीच घाबरगुंडी उडाली होती. कोहमाऱ्याजवळच्या आमच्या गावात तलावाचा दगडी घाट कधीच ढासळलाय, आता तिथे नुसता खोल उतार आहे. जुने फोटो आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींवरून मी तो घाट कॉम्प्युटरवर पुन्हा उभा केला. डोळ्यांवर मोठा चष्मा चढवला की समोर अख्खा घाट दिसायचा. नागपूरहून पर्यटक यायचे होते, त्याआधी मी तलावाच्या काठावर नेऊन चष्मा डोमाजी आजोबांना लावला. त्यांच्याच पूर्वजांनी तो तलाव बांधला होता.

आजोबांनी मान वळवून वळवून सगळा घाट पाहिला. मग त्यांनी धोतर वर खोचलं आणि सरळ उताराकडे निघाले.

“आजोबा, थांबा! तिथे पायऱ्या नाहीत!”

“दिसून तर राहिल्या ना पोरी!”

मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला, तेव्हा त्यांचा एक पाय हवेत होता. चष्मा काढून त्यांनी खाली पाहिलं. मला तर रडूच फुटलं.

“रडून कायले राहिली?” आजोबा हळूच म्हणाले. “घाट बरोबर केला तू. मले वाटलं, पाय धुऊन येतो.”