अभिमन्यूची स्लाइड

...आणि रंग बदलला हो यानं, रंग! स्लाइडचा निळ्याचा हिरवा केला, वर स्वतःचं नाव टाकलं ठळक अक्षरात, आणि ग्रुपवर मेसेज, 'ताई, माझा भाग झाला की!' एकत्र शिकायचं म्हणे, एकत्र!

तुम्हाला सांगते, मी दाक्षायणी, दुधनीची, दोन लेकरांची आई, चौतिसाव्या वर्षी सोलापुरात बी.एड.ला आले. आमच्या हेमावती मॅडमना ऑनलाइनचं लई कौतुक. 'चौघांनी मिळून एकच प्रेझेंटेशन! लिंक उघडायची, आपापल्या घरून लिहायचं, एकमेकांकडून शिकायचं!' चौघं कुठले? दोघींचं नेट गेलं ते महिनाभर आलंच नाही, आणि उरला हा टेंभुर्णीचा अभिमन्यू. रोज लिंक उघडायचा, वर त्याचं नाव दिसायचं, आणि बास! अरे बघतोस काय, लिही की! मी भाकरीच्या हातानं मूल्यमापनाच्या पायऱ्या टाइप करतेय, मोबाइलला पीठ, आणि हा बघतोय... एकत्र शिकायचं म्हणे!

मग सटकलं माझं डोकं. सादरीकरणाला हा इस्त्रीचा शर्ट घालून पुढं उभा, आणि मी मागच्या बाकावरून मोबाइलवर त्याच लिंकवरून त्याची स्लाइड उघडली, सगळं पुसलं, आणि लिहिलं. मला ठाऊक, हा पडद्यावर जे येईल ते तिथंच पहिल्यांदा वाचणार! आणि वाचलं की हो, खड्या आवाजात, 'या प्रकल्पात मी काडीचंही काम केलेलं नाही. फक्त रंग बदलला. सगळं दाक्षायणीताईंनी...' आणि थांबला. वर्ग खो खो हसतोय. अय्यो, काय गार वाटलं म्हणून सांगू जिवाला!

तेवढ्यात मॅडम उठल्या. डोळ्यांत पाणी! 'भर वर्गात इतका प्रामाणिकपणा? यालाच आत्मपरीक्षण म्हणतात!' दहापैकी दहा! बेट्यानं लगेच हात जोडले, 'तुमचीच शिकवण की, मॅडम.' मग मॅडम माझ्याकडं वळल्या, 'दाक्षायणीताई, सगळं एकटीनंच केलंत? मग सहकार्य कुठं झालं? चार.'

चार! एकत्र शिकायचं म्हणे!

मी तोंड उघडलं, पण सांगू काय? की मॅडम, तो प्रामाणिकपणा पण मीच टाइप केलाय?

आता पुढच्या आठवड्यात त्याचं व्याख्यान ठेवलंय, विषय, 'गटात काम कसं करावं.' सकाळीच फोन आला, 'ताई, लिंक पाठवलीय की.'

काय करणार... तिसऱ्या स्लाइडवर आलेय.