बाबांच्या डुलकीसाठी बॅटरी

…आणि वर हा मेहुणा मलाच म्हणतो, "भावोजी, आधी अंगठी काढा!" अहो, लग्नातली अंगठी ती! बोट वाढलं, अंगठी वाढली नाही, आता मागितली की निघेल होय? पण नाही! गाडीच्या डिकीत बॅटरी बसवायची म्हणजे हातात धातू नको, ठिणगी उडाली तर बोट भाजेल… काळजी घेतलेली बरी! झालं. मी न्हाणीघरात बोटाला साबण चोळतोय आणि बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी, "अहो, अंगठी काढून कुठे निघालात?"

तुम्हाला सांगतो, हे सगळं माझ्या सासऱ्यांच्या झोपेपायी. त्यांना आजार कसला, तर झोपेत श्वास अडकतो. म्हणून नाकावर मुखवटा, मुखवट्याला नळी, नळीला मशीन, मशीनला वीज. डॉक्टरांनी दमच दिलाय, पाच मिनिटांची डुलकी असली तरी मशीन लावायचं! आणि माणूस कसा? गाडीनं पहिला गिअर टाकला की यांची मान खाली! मग कुठे नेणार? त्यांची थोरली ताई तिकडे पार लांब, नव्वदीला आलेली, फोनवर काही ऐकू येत नाही, समोर बसून बोललं तरच बोलणं. "जावईबापू, एकदा तिच्याशी पोटभर बोलू द्या हो," म्हणाले. मला भरूनच आलं. म्हटलं, मशीनसाठी डिकीत वेगळी बॅटरी बसवू, बाबा रस्ताभर झोपतील, तिथे टवटवीत होऊन उतरतील. सोपं आहे की नाही? मग मला दुर्बुद्धी सुचली… मी मेहुण्याला सांगितलं.

मेहुणा कारखान्यात सुरक्षा अधिकारी. हा घरात स्टुलावर चढताना हेल्मेट घालतो! आला तो हातमोजे चढवूनच. "निगेटिव्ह वायर आधी सोडायची, लावताना शेवटी! फ्यूज बॅटरीला अगदी खेटून! बॅटरी पेटीत, पेटी पट्ट्यानं आवळलेली, पट्टा बोल्टनं गाडीच्या पत्र्याला!" बॅटरी बसवायला बोलावलेला वायरमन बिचारा गरीब गाय. म्हणाला, "साहेब, हे सगळं मी करतोच." तर हा म्हणे, "करता, पण मी बघितलं नाही ना! परत करा." परत! अहो, पट्टा आवळून झाल्यावर यानं पेटी धरून अख्खी गाडी गदागदा हलवली. समोरची आजी गॅलरीत येऊन विचारते, "गाडी चोरताय का?" मी म्हटलं, नाही हो आजी, काळजी घेतोय!

बरं, एवढ्यावर थांबावं? बॅटरी बसली, मशीन सुरू झालं, बाबांनी मागच्या सीटवर बसून घुर्र घुर्र करून दाखवलं, सगळे खूश. निघायच्या दिवशी हा आग विझवायचा सिलिंडर घेऊन हजर! तो ठेवला बाबांच्या मांडीवर. म्हणाला, "बाबा, डिकी तुमच्या पाठीशी. म्हणजे वास घ्यायची जबाबदारी तुमची. जरा जळका वास आला की ओरडायचं!"

आता मला सांगा… ज्या माणसाला झोपवायला एवढा खटाटोप केला, त्यालाच पहाऱ्यावर बसवायचं? मी म्हटलं, "अरे, त्यांना झोपू दे!" तर म्हणे, "झोपू देत की! पण भावोजी… काळजी घेतलेली बरी!"

बाबा झोपतायत कसले! पाठ ताठ, सिलिंडर कवटाळलेला, नाक वर, डोळे टक्क उघडे! "वास! वास येतोय!" थांबव गाडी, उघड डिकी, मेहुणा आत डोकं घालतो… काही नाही, शेतात कुणी पालापाचोळा जाळतोय. पुढे गेलो. "वास!" पुढे ट्रक, त्याचा धूर. असं करत करत पोचलो. बॅटरी काठोकाठ भरलेली आणि बाबा पार रिकामे!

ताई दारातच उभ्या होत्या. बाबांनी त्यांचे दोन्ही हात धरले, "ताई, कशी आहेस गं?" म्हणाले, खुर्चीत टेकले… आणि गेली मान खाली! धावत जाऊन मशीन आणलं, ताईंच्याच भिंतीवरच्या प्लगला लावलं. ताई बघत राहिल्या. त्यांनी बाबांच्या केसांवरून हात फिरवला, म्हणाल्या, "झोपू दे. दमलंय माझं पोर." सत्तरी उलटलेलं पोर! मला खरंच वाईट वाटलं हो. आणि मग… मग त्या माझ्याकडे वळल्या! मनात साठवलेलं सगळं, लहानपणची भांडणं, आईचा मार, कुणाचं लग्न कसं मोडलं, सगळं माझ्या कानात! मी नुसता मान डोलावतोय. मेहुणा? तो बाहेर डिकीत.

निघताना बाबांना उठवलं, तर ताई मला म्हणतात, "याला कशाला एवढी दगदग? तू एकटाच येत जा. तू मध्ये बोलत नाहीस."

आता काय! महिन्यातून एकदा मी एकटाच जातो. ऐकतो. घरी येतो तर बाबा दारातच, "बसा जावईबापू, काय म्हणाली ताई? अगदी सगळं सांगा!" मी बसतो, घसा खाकरतो, सुरुवात करतो… आणि दुसऱ्या वाक्याला त्यांची मान खाली. मग उठतो, मशीन लावतो, आणि उरलेलं भिंतीला सांगतो.