मच्छिंद्री व्हायच्या आदी

माझं पाळण्यातलं नाव सुलोचना, पन हितं गंगावेशीच्या खालच्या अंगाला येऊन सुलोचना कुटं ऱ्हाती म्हून इचारलासा तर कोन बी मान हलवंल, मच्छिंद्री वैनी कुटं म्हटलं की मग हात धरून दारापतूर आनून सोडत्यात, तुमास्नी आत्ता सोडलं न्हवं, तसं. बसा पावणं, ती घोंगडी घ्या बुडाखाली, फरशी गार हाय. माझं म्हायेर नेसरीकडचं, पार गडहिंग्लजच्या पल्याड, तिकडं घर टेकावर, नदी लांब खाली, आमी नदी बघायची ती वरनं. पूर आला म्हंजे काय, पलीकडची वाट बंद झाली, येवढंच आमास्नी ठावं. आन एक सांगून ठेवतो, आमी बायका हितं मी आलो, मी गेलो आसंच बोलतो, तुमी लिवताना ते दुरुस्त करत बसू नगासा.

लगीन झालं आन मी ह्या गवळ्याच्या घरात आलो. सासूला मी आत्ती म्हनायचो, आमच्याकडं तसंच म्हनत्यात. घरात सात-आठ म्हशी, पहाटं धार, म्हंजे म्हशी दुधाच्या कट्ट्यावर न्ह्यायच्या, गिऱ्हाईक समोर तांब्या घेऊन हुबं, त्याच्या डोळ्यादेखत धार काढायची आन फेसासकट द्यायची. दुपारी म्हशी नदीला, पानी पाजायचं, धुवायच्या, की परत संध्याकाळची धार. आसं समदं नदीच्या अंगानंच चालायचं आन मला तर नदीचं काय बी कळत नव्हतं.

काय सांगू तुमास्नी, पयला पावसाळा. मी नवी नवरी, गल्लीतल्या बायकांची नावं बी अजून पाठ नव्हती. आन एक दिस दुपारचं आमचं मालक घाटावरनं पळत आलं, दारातनंच वरडलं, आई, मच्छिंद्री झाली. आत्ती म्हनल्या कवा, तर हे म्हनलं आत्ताच. झालं, गल्लीत एकच पळापळ, ज्येला त्येला त्येच तोंडात, मच्छिंद्री झाली, मच्छिंद्री झाली. आता आमच्याकडं बाई बाळात झाली की झाली आसंच म्हनत्यात बगा. मला वाटलं, आसंल कोनतरी गल्लीतली मच्छिंद्री, आडली हुती वाटतं, सुटली बिचारी. मी आपलं चुलीवर पान्याचं पातेलं चढवलं, डब्यातनं ओवा काढला, शेपा काढल्या, माझं एक जुनं लुगडं हुतं म्हायेरचं, मऊ झाल्तं, ते टराटरा फाडून बाळाला दुपटी केली. आत्ती तिकडं भांडी गाठोड्यात बांधत हुत्या, मला वाटलं बाळातिनीला द्यायची आसत्याल. मी जवळ जाऊन हळूच इचारलं, आत्ती, मुलगा का मुलगी?

आत्ती माझ्याकडं बघतच ऱ्हायल्या. मग माझ्या हातातली दुपटी बघितली, चुलीवरचं पानी बघितलं, आन जे हसायला लागल्या ते गाठोडं घेऊनच उंबऱ्यावर बसल्या. दारात गुडघाभर पानी यायची येळ आन सासू-सून हसत्यात, मालक डोकं धरून हुबं. त्या वर्सी पानी दारापतूर येऊन परत गेलं, पन माझं नाव तेवढं न्हेलं. तवापासनं मी मच्छिंद्री.

तर मच्छिंद्री म्हंजे बाई न्हवं पावणं. आपला जुना पूल हाय न्हवं नदीवर, दगडी, कमानीचा, त्येच्या खांबांस्नी वरच्या अंगाला दगडातच माशागत आकार हाय. पानी चढत चढत त्या माशाला भिडलं, मासा बुडाला, की समजायचं मच्छिंद्री झाली, आता नदी पात्रात मावत न्हाय, खालच्या गल्ल्यांनी सामान उचलायचं. आजून बी लोक पुलावर खास तेच बघायला जात्यात, छत्र्या घेऊन, कनसं खात.

दुसऱ्या दिशी आत्तींनी मला संगं घेतलं, म्हनल्या चल, हसायचं ते हसून झालं, आता शीक. आत्तींचं म्हायेर कुरुंदवाडचं, तिथं आमची पंचगंगा जाऊन कृष्णेला मिळती, तवा त्यास्नी नदीचं समदं खालच्या टोकाकडनं ठावं. त्या म्हनायच्या, मासा बुडाला का न्हाय ते काय, कुनालाबी दिसतंय, तू पानी चालतंय का थांबलंय ते बघत जा. कृष्णा फुगली की ती आपल्या गंगेला दारातच आडवती, आत घेत न्हाय, मग आपली गंगा आडून बसती, आन आडली की पसरती. वाहती नदी कितीबी तांबडी असू दे, तिला भ्यायचं न्हाय, थांबलेल्या नदीला भ्यायचं. घाटावर आसं बसून गोष्टी बी सांगायच्या. आपली गंगा पाच नद्यांची, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आन पाचवी सरस्वती, ती कुनाला दिसत न्हाय, गुप्त. मी इचारलं, दिसत न्हाय तर हाय म्हून कशावरनं? आत्ती म्हनल्या, चार नद्यांचं पानी मोजलं तर येवढा पूर येतोय व्हय, जी दिसत न्हाय तीच पूर आनती. आन ते रंकाळ्याकडच्या नंदीचं, ठावं हाय तुमास्नी? त्यो रोज एक गहूभर म्होरं सरकतोय आन एक तांदूळभर मागं येतोय, ज्या दिशी रंकाळ्यात जाईल त्या दिशी जगबुडी. मी मनात हिशेब करायचो, गहू मोठा का तांदूळ, आजून किती वर्सं हाईत, आत्ती म्हनायच्या तू म्हशी धू.

आशी वर्सं गेली. आत्तींच्या डोळ्यावर पडदा आला, आदी मासा दिसंना, मग पूल दिसंना, मग माझं तोंड बी दिसंना. तवा पावसाळ्यात रोज सकाळी मी घाटावर जाऊन बघून यायचो आन त्यास्नी सांगायचो, त्या खाटंवर बसून एक एक इचारायच्या, फेस कुनीकडं चाललाय, लाकडं वाहून येत्यात का गोल फिरत्यात. मालक म्हनायचं, काय ह्यो तुमचा रोजचा पाठ. त्येंचं बी खरं, त्येंच्या बापाला, आज्ज्याला, गल्लीला, समद्यास्नी एकच ठावं, मच्छिंद्री झाली की म्हशी सोडायच्या, त्येच्या आदी न्हाय.

मग त्यो मोठा महापूर. चार दिस पाऊस तुटला नव्हता. सकाळची धार झाली आन आत्ती खाटंवरनं म्हनल्या, दारातल्या गटारीचं पानी कुनीकडं चाललंय बघ गं. मी बघायला गेलो आन काय सांगू पावणं. आमच्या दारातनं गटार नदीकडं जायाची, ती त्या दिशी नदीकडनं आमच्या दाराकडं येत हुती, एकदम हळू, वर वैरनीची काडी तरंगत. मी तसाच घाटाकडं गेलो, म्हंजे घाट कसला, समदा पान्यातच. पुलावरच्या माशाची पाठ आजून उघडी हुती. लोक फोनवर फोटो काढत हुतं, म्हनत हुतं आजून झाली न्हाय, आजून झाली न्हाय. मी मूठभर वैरन टाकली पान्यात. ती खाली कुरुंदवाडकडं जायाची, तर माझ्या म्होरंच गिरक्या घेत ऱ्हायली, जायाचं नावच घेईना. मी भ्यालो, खरं सांगतो, लई भ्यालो.

घरी येऊन मालकास्नी म्हटलं, म्हशी सोडूया. ते म्हनलं, मासा वर हाय आजून, उगाच पावसात काढल्या तर दूध चोरत्याल, धार द्यायच्या न्हाईत, गिऱ्हाईक तुटंल, आन चंद्री म्हस आज-उद्या व्यायला आलीया, ती चालनार हाय व्हय येवढं लांब? त्येंचं काय चूक नव्हतं. म्हशीच्या बाबतीत मी त्येंचा शब्द कवा मोडला नव्हता, घर त्येंचं, धंदा त्येंच्या बापाचा, मी आलेली. तवा आत्ती खाटंवरनं बोलल्या.

मला दिसत न्हाय बाबा, पन तिला दिसतंय.

येवढंच. मी गोठ्यात गेलो. दावी भिजून गाठी दगडागत झाल्या हुत्या, नखं तुटली, शेवटाला इळ्यानं कापली. सा म्हशी काढल्या. चंद्रीला मालकांनी हात लावू दिला न्हाय, तिच्या गळ्याशी जाऊन बसलं, माझ्याकडं बघितलं बी न्हाय. थोरल्या म्हशीच्या पाठीवर आत्तींचा हात ठेवला आन निघालो. गल्लीतली मानसं दारात हुबी, कोन म्हनलं, काय वैनी, मुलगा का मुलगी? समदी हसली. मला रडू येत हुतं, पन पावसात कुनाला कळतंय. तरी दोन घरांनी माझ्या मागनं आपल्या म्हशी सोडल्या, का ते त्यास्नीच ठावं.

मंगळवार पेठंत माझ्या नणदंचं घर, उंचावर, मागं पत्र्याचं मोठं छप्पर. महाद्वार रोडवरनं म्हशी चालल्या, एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर एकीनं शेन टाकलं, मी वाकून उचलायला गेलो तर दुकानदार म्हनला ऱ्हाऊ द्या मावशी, तुमी पळा. नणदंनं काय बी न इचारता मागचं दार उगडलं.

दुपारी मच्छिंद्री झाली. आन त्येच्यानंतर पानी पायरी पायरी चढलंच न्हाय, एकदमच आलं. आमच्या गल्लीतली मानसं मिळंल ते बोचकं घेऊन वर यायला लागली, काय जनास्नी बोटीनं आनलं. जीव समद्यांचा वाचला, देवीची किरपा. पन मालक न्हाईत. फोन लागंना. मी चौकात हुबा, येनाऱ्या पत्येकाला इचारतोय, आमचं मालक बघितलं? मनात एकच, मी सा म्हशी न्हेल्या आन मानूस मागं सोडला. त्या दिशी मी सोताला जे बोललो ते तुमी लिवू नगासा.

संध्याकाळच्या धारंच्या टायमाला समोरनं चंद्री आली. तिची शेपूट धरून मालक, छातीपतूर चिखल, व्हट निळं पडलेलं. पानी गळ्याला लागल्यावर त्येनी दावं सोडलं म्हनं आन ती गाभन म्हस पवायला लागली, हे शेपटीला. म्हनलं, मी तिला आनलं न्हाय, तिनं मला आनलं. मग तिथं चौकात, चार मानसांत, माझ्याकडं बघून म्हनलं, पुढच्या टायमाला मला इचारत बसू नगंस, तू म्हनशील तवा सोडायच्या. सकाळी चंद्रीला रेडी झाली, धडधाकट.

आठ दिसांनी घरी आलो तर भिंतीला छताजवळ चिखलाची रेघ, लग्नाचं फोटो, धान्य, समदं गेलं. मला नदीचं तोंड बघायचं नव्हतं, पन आत्तींनी खन-नारळ आनायला लावला, म्हनल्या गंगंची ओटी भर. मी म्हटलं हिनं आमचं घर बुडवलं. तर म्हनल्या, इतकी वर्सं म्हशी कुनी पाजल्या? मी रागारागातच भरली. पुढच्या थंडीत आत्ती गेल्या, झोपंतच, माझा हात हातात हुता.

आता पावसाळा लागला की गल्लीत एक बदल झालाय बगा. पयलं समदी इचारायची मासा बुडाला का, आता सकाळी मी घाटावरनं येताना दारादारातनं इचारत्यात, वैनी, पानी चालतंय का? मी चालतंय म्हटलं की च्या प्यायला बसत्यात. आमच्या सूनबाईला मी हेच शिकवतोय, ती म्हनती फोनवर समदं कळतंय की, मी म्हनतो फोन बी बघ, गटार बी बघ.

घ्या, येवढं दूध घेऊन जावा, आत्ताच काढलंय. गंगाबाई तुमास्नी सुखी ठेवू दे, तुमच्या दारातनं पानी सदा वाहतं ऱ्हाऊ दे. आन जाताना गोठ्यात डोकावा एकदा. आखाड लागला की मालक समद्या म्हशींची दावी नव्यानं बांधत्यात, सरकगाठ मारत्यात, एका हिसक्यात सुटंल आशी. मी म्हटलं आवो कशाला, म्हस रातीत सुटंल. तर मान वर न करता म्हनत्यात, सुटू दे, तुझी नखं तुटाय नगंत.