चाचणीची गाडी

कर्नल: नाही म्हणजे नाही. चिलखती गाडी बघायची ठरली होती. गाडीत बसायचं नाही.

अध्यक्षा: कोणी ठरवलं?

कर्नल: मंत्रालयाने.

अध्यक्षा: संसदेच्या संरक्षण समितीची अध्यक्ष मी आहे, कर्नल. समितीने काय बघायचं आणि कशात बसायचं हे मंत्रालय ठरवत नाही. रंगाचा ताजा हात मारून ठेवलाय गाडीवर, वास अजून जात नाहीये. मी काय प्रदर्शन बघायला आलेय?

कर्नल: पाहुणे येणार म्हटल्यावर आम्ही जागा स्वच्छ करतो.

अध्यक्षा: मी पाहुणी नाही.

कर्नल: ते कळलं. बाकीचे सदस्य पाहुण्यांसारखे वागले. फोटो काढले, चहा घेतला, बसमध्ये जाऊन बसले.

अध्यक्षा: म्हणून तर मी मागे राहिले. पुढच्या आठवड्यात आम्हाला शिफारस द्यायचीय, आणखी दोन रेजिमेंटना पुरतील इतक्या या गाड्या घ्यायच्या की नाही. चाचण्या तुम्ही घेतल्यात. तुमचा अहवाल म्हणतो, आतल्या आवाजाचा आणि हादऱ्यांचा माणसांवर काही परिणाम होत नाही. मग मी माणूस नाही का?

कर्नल: तुमच्या मणक्याची जबाबदारी मी घेणार नाही.

अध्यक्षा: पोरांच्या मणक्यांची घेतलीत की.

कर्नल: जरा या बाजूला या, उजेडात. काय म्हणालात?

अध्यक्षा: म्हटलं, ड्रायव्हरला बोलवा.

कर्नल: भोंगा! ए भोंगा! इकडे ये.

ड्रायव्हर: आलो साहेब!

अध्यक्षा: भोंगा?

कर्नल: पोरं म्हणतात त्याला. आवाज जरा मोठा आहे.

ड्रायव्हर: नमस्कार मॅडम!

अध्यक्षा: अहो, मी इथेच उभी आहे. गल्लीच्या टोकाला नाही. किती वर्षं चालवताय ही गाडी?

ड्रायव्हर: झकास मॅडम!

अध्यक्षा: वर्षं विचारली मी.

ड्रायव्हर: हो हो, एकदम झकास! तक्रारच नाही!

कर्नल: घाबरलाय तो. खासदार कधी एवढ्या जवळून बघितलेत त्याने?

अध्यक्षा: हेल्मेट द्या इकडे.

कर्नल: बाई, तुम्हाला खरंच हौस आहे?

अध्यक्षा: हौस असती तर डोंगरावर गेले असते. दार उघडा.

कर्नल: भोंगा, मैदानाला एक फेरी. एकच. हळू ने.

ड्रायव्हर: जोरात नेऊ? बरं साहेब!

कर्नल: हळू! ह-ळू!

(मैदानाला फेरी मारून गाडी परत येऊन थांबते.)

ड्रायव्हर: उतरा मॅडम, सावकाश! पाय या पायरीवर!

अध्यक्षा: थांबा. हात द्या. माझं डोकं अजून आतच राहिलंय.

ड्रायव्हर: काय म्हणालात?

अध्यक्षा: डोकं! भणभणतंय!

ड्रायव्हर: होतं मॅडम पहिल्यांदा! मग सवय होते! मग काहीच वाटत नाही!

अध्यक्षा: काहीच वाटत नाही. वा. कर्नल, एक फेरी झाली. माझे दात एकमेकांवर आपटलेत, कानात कुणीतरी शिट्टी फुंकतंय, आणि हा पोरगा दिवस दिवस आत बसतो.

कर्नल: कानांना संरक्षण दिलेलं आहे.

अध्यक्षा: हे गोंडे? माझ्या आजीच्या जुन्या उशीत यापेक्षा जास्त कापूस होता.

कर्नल: भोंगा, तू जा. गाडी धुऊन घे. हां, आता बोला. तुम्ही इथे गाडीसाठी आलेला नाहीत. कोणीतरी कान भरलेत तुमचे.

अध्यक्षा: एका सासूने.

कर्नल: कोणी?

अध्यक्षा: तुमच्या एका ड्रायव्हरच्या सासूने. माझ्या कार्यालयात आली होती. जावयाजवळ बाळ ठेवून मायलेकी दुकानात गेल्या. परत आल्या तर बाळ रडून रडून काळंनिळं, आणि जावईबापू शेजारी पेपर वाचत बसलेले. बाईने आधी त्याच्या एक मुस्काटात ठेवून दिली. मग तिच्या लक्षात आलं. तो पोरगा तुमच्या अहवालात कुठे आहे?

कर्नल: घरी गेलाय तो. कौटुंबिक कारण.

अध्यक्षा: आणि त्याच्यासोबतचे तिघं?

कर्नल: तेही.

अध्यक्षा: एकाच तुकडीतल्या चौघांना एकदम कौटुंबिक कारण. साथ आली होती का कुटुंबांची?

कर्नल: तोंड सांभाळून बोला, बाई.

अध्यक्षा: तुम्ही लिहिताना हात सांभाळला असतात, तर मला बोलावंच लागलं नसतं.

कर्नल: ती तिकडे कोपऱ्यात उभीय ती गाडी बघितलीत? नाही ना? रंग नाही दिला तिला, म्हणून कुणी बघत नाही. पत्र्याचा डबा आहे तो. आजही सीमेवर पोरं त्यातच बसतात. सुरुंगावर गेला की तळ फाटतो. मी स्वतः त्यातून तीन पोरं बाहेर काढली. काढली म्हणजे काय, गोळा केली. एकाच्या आईने पेटी उघडू नये म्हणून तिच्या पाया पडलो मी. तोच सुरुंग या नव्या गाडीखाली आम्ही चाचणीत फोडला. तळाला पोचा आला. पोचा! आत ठेवलेली काचेची बरणीसुद्धा शाबूत. कान गेलेला माणूस घरी जातो, बाई. चालत जातो.

अध्यक्षा: मग हेच का नाही लिहिलंत? गाडी जीव वाचवते आणि कान खाते. दोन्ही लिहायचं.

कर्नल: तुमच्या लोकांना एका वेळी एकच वाक्य झेपतं म्हणून. 'कान खाते' एवढंच वाचलं असतं तुम्ही. सभागृहात बोंब, खरेदी बंद, कंपनी कोर्टात. आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत माझी पोरं डब्यात.

अध्यक्षा: म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत.

कर्नल: मी निवड केली.

अध्यक्षा: ती निवड करायला लोकांनी आम्हाला निवडून दिलंय. तुम्हाला नाही.

कर्नल: लोकांनी तुम्हाला नळाला पाणी आणायला निवडून दिलंय.

अध्यक्षा: आणि तुमचा पगार त्याच नळावरचे लोक भरतात. थांबा, मला गरगरतंय. या खांबाला धरते जरा... कर्नल, तुमच्यामागचा जॅक घसरतोय, बाजूला व्हा.

कर्नल: बाहेर टेबलावर ठेवलाय. साखर वेगळी आहे.

अध्यक्षा: काय ठेवलंय?

कर्नल: चहा. चहाच विचारलात ना?

अध्यक्षा: आता मी तुमच्याकडे तोंड केलंय, म्हणून तुम्हाला कळतंय. मघाशी पाठ होती माझी. मी म्हणाले, जॅक घसरतोय, बाजूला व्हा.

कर्नल: कुठे घसरतोय?

अध्यक्षा: कुठेच नाही. पण ऐकू आलं असतं, तर माणूस उडाला असता.

कर्नल: हा पोरखेळ आहे.

अध्यक्षा: सकाळपासून बघतेय मी. 'या बाजूला या, उजेडात या.' मी फाइल तोंडापुढे धरली की तुम्ही गप्प. नजर माझ्या डोळ्यांवर नाही, ओठांवर. माझे वडील बॉयलरच्या कारखान्यात होते. त्यांच्या समोर जाऊन उभं राहिल्याशिवाय आमच्या घरात कुणी बोलायचं नाही. त्यांनीही कारखान्यात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, नोकरी जाईल म्हणून. एक दिवस मागून ट्रॉली आली. सगळे ओरडले म्हणे. घोट्यापासून पाय गेला.

कर्नल: मी तुमचा बाप नाही.

अध्यक्षा: नशीब माझं. ते निदान स्वतःपुरतं खोटं बोलले.

कर्नल: कोणाला सांगणार आहात हे?

अध्यक्षा: कोणालाही नाही. विचारणार आहे. मंगळवारी, समितीसमोर, शपथेवर. भोंग्यालाही घेऊन या.

कर्नल: तो म्हणेल झकास. मी म्हणेन, अहवालात लिहिल्याप्रमाणे. कान गेले हे एकदा कागदावर आलं ना, की माझी तुकडी गेली, बढती गेली. आणि चाचणी घेणाराच बाद ठरला, तर ही गाडीही गेली. समजतंय का तुम्हाला?

अध्यक्षा: समजतंय. तरी विचारणार.

कर्नल: आणि तिथे सगळ्यांसमोर पाठ फिरवून असला खेळ केलात, तर—

अध्यक्षा: समोरून विचारेन. एवढं तरी माझ्याकडून घ्या.

(मंगळवार. समितीच्या खोलीत सदस्य लांब टेबलाच्या तिन्ही बाजूंना बसले आहेत. चौथ्या बाजूला कर्नल आणि ड्रायव्हर, शेजारीशेजारी. अध्यक्षाबाईंनी आपली खुर्ची अगदी त्यांच्या समोर सरकवून घेतली आहे.)

अध्यक्षा: कर्नल, साधा प्रश्न आहे. गाडीतल्या आवाजाचा आत बसणाऱ्यांवर परिणाम होतो का?

कर्नल: अहवालात लिहिल्याप्रमाणे, नाही.

अध्यक्षा: तुम्ही स्वतः आत बसलात?

कर्नल: सगळ्यांपेक्षा जास्त. जिथे माझी पोरं बसतात तिथे मी आधी बसतो.

अध्यक्षा: तुमच्यावर काही परिणाम?

कर्नल: माझी तब्येत समितीच्या कक्षेत येत नाही.

अध्यक्षा: ज्याच्या शब्दावर देश गाड्या घेणार, त्याची येते.

कर्नल: मग तसा ठराव करा आणि लेखी कळवा.

अध्यक्षा: म्हणजे उत्तर देत नाही.

कर्नल: दिलंय. तुम्हाला आवडलं नाही, हा माझा दोष नाही.

अध्यक्षा: ठीक आहे. बसा. ड्रायव्हर, तुम्ही उभे राहा. उभे राहा, हो, तुम्ही. गाडीचा काही त्रास?

ड्रायव्हर: झकास मॅडम! तक्रारच नाही!

अध्यक्षा: कानांचा?

ड्रायव्हर: झकास!

कर्नल: ऐकलंत? आता जाऊ द्या त्याला.

अध्यक्षा: एक मिनिट. डावीकडच्या टोकाच्या सदस्यांना त्याला काही विचारायचंय. तिकडे बघा, ड्रायव्हर. हां, विचारा आपण.

ड्रायव्हर: डिझेल, साहेब! एकदा टाकी भरली की दिवसभर बघायला नको!

अध्यक्षा: शांतता. शांतता! सन्माननीय सदस्यांनी हसणं थांबवावं. हसण्यासारखं काहीही झालेलं नाही.

ड्रायव्हर: साहेब, बघा, सगळे खूश झाले!

कर्नल: बस खाली. बस रे. अध्यक्षा, मला एक विचारायचंय.

अध्यक्षा: इथे प्रश्न आम्ही विचारतो.

कर्नल: माहितीय. तरी. हे लोक का हसले?

अध्यक्षा: तुम्ही त्याच्या शेजारीच बसला आहात, कर्नल.

कर्नल: बसलोय. मला नुसती उघडलेली तोंडं दिसली. याला काय विचारलं होतं?

अध्यक्षा: कामकाजाची नोंद होतेय. तुम्ही काय बोलताय याचा विचार करा. हवं तर आपण चहासाठी थांबू.

कर्नल: चहा नको. काय विचारलं होतं?

अध्यक्षा: घरी कोण कोण असतं, असं विचारलं होतं.

कर्नल: आणि हा?

अध्यक्षा: डिझेल म्हणाला.

कर्नल: हं. याच्या घरी आई आहे. धाकटी बहीण शिकतेय. लग्न ठरत होतं, मुलीकडच्यांना वाटलं हा भांडखोर आहे, ओरडून बोलतो, म्हणून मोडलं. हे मला ठाऊक होतं. तरी याला इथे घेऊन आलो, झकास म्हणायला.

अध्यक्षा: कर्नल, मी पुन्हा विचारते. परिणाम होतो का?

कर्नल: होतो. याला होतो. घरी पाठवलेल्या चौघांना झाला. मला चाचण्यांच्या दुसऱ्या उन्हाळ्यापासून डाव्या कानाने काही ऐकू येत नाही, उजव्याने निम्मं. मघाशी ते साहेब काय बोलले तेही ऐकू आलं नाही. तुम्ही समोर बसलात म्हणून एवढा वेळ निभावलं.

अध्यक्षा: अहवालात हे का नव्हतं?

कर्नल: मी घातलं नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, वरूनही नाही, कंपनीनेही नाही. माझं मीच. आता पुढचंही ऐका, का हे एवढंच पुरे तुम्हाला?

अध्यक्षा: बोला.

कर्नल: गाडीचा तळ सोन्यासारखा आहे. तो फेकू नका. आतली बैठक आणि इंजिन गाडीला बसवायची पकड बदलायला लावा. खरेदी कायमची बंद केलीत, तर सुरुंगाने मेलेल्या प्रत्येक पोराची आई मी तुमच्या दारात आणून उभी करीन.

अध्यक्षा: धमकी देताय?

कर्नल: हो.

अध्यक्षा: ठीक. तीही नोंदवली जाईल. खोटा अहवाल दिल्याबद्दल तुमच्यावर कारवाई व्हावी, अशी शिफारस मी करणार आहे. दया दाखवणार नाही.

कर्नल: मागितली नाही.

अध्यक्षा: दुरुस्ती होऊन पुन्हा चाचणी होईपर्यंत नवी एकही गाडी घ्यायची नाही, असं मी समितीपुढे ठेवणार. कंपनीला याच खुर्चीत बसवून विचारू, किती दिवसांत करता. आणि तोवर तो पत्र्याचा डबा सुरुंगाच्या रस्त्यावर का पाठवता, हे मंत्र्यांना विचारू. त्यांनाही शपथेवर. झालं समाधान?

कर्नल: नाही. पण चालेल.

ड्रायव्हर: साहेब... साहेब, हळूच विचारतो. माझं काही चुकलं का?

अध्यक्षा: तुमचं हळूच सगळ्या खोलीला ऐकू आलं, ड्रायव्हर.

ड्रायव्हर: काय म्हणाल्या मॅडम?

कर्नल: तिकडे नको बघू. माझ्याकडे बघ, तोंडाकडे. तुझं काही चुकलं नाही.

ड्रायव्हर: काय?

कर्नल: नाही चुकलं, म्हटलं. बस माझ्याजवळ.