बिनआवाजाची गाडी

…नाय नाय, आधी बस. शोरूमवाला काय म्हणला ते मंग सांग. इथं अंधारात नको रे, तिकडं शटरपाशी उजेडात बस — हां, असं, माझ्याकडं तोंड करून. पंधरा वर्षं तुझ्या गाडीला मी सोडून दुसऱ्याचा हात लागला नाय, आन् आता ती बदलताना पण तू मलाच विचारायला आलास, हे लई झालं बघ, नायतर लोकं आजकाल मोबाईलवर बघून गाडी घेतात आन् बंद पडल्यावर त्यांना मजीदभाई आठवतो. काल फोनवर काय म्हणलास — ‘चाचा, जिच्याकडं बघावंच लागणार नाय अशी गाडी सांगा.’ म्हंजे सदफनं मला तसं सांगितलं. फोन तिनंच घेतला. पडेगावात रेंजचा लई घोळ हाय, मला तुटक-तुटक येतं, म्हून आजकाल लेकच घेती माझे फोन. चहा पी. तिनंच थर्मासमधी भरून दिलाय.

तर कमी कामाची गाडी. हौ, असतात की. एक म्हंजे ती सव्वाशे सीसीची साधी — चेन झाकलेली, समोर ड्रम ब्रेक, वाळूजला कंपनीत जा, संध्याकाळी परत ये, वर्षातून दोनदा ऑइल बदल, मरत नाय ती. पण तू तिच्यावर कसा दिसशील? — हसू नको, खरं सांगतो — उंटानं शेळीवर बसावं तसा दिसशील. दुसरी ती साडेतीनशेची जड. शान हाय तिची, पण तुला वाकून चालवायची सवय, तिच्यावर ताठ बसून तुझी पाठ जाईल. आन् तिसरी बॅटरीची. ऑइल नाय, चेन नाय, प्लग नाय, टॅपेट नाय. चालू हाय का बंद तेबी कळत नाय — तुला कळंल, मीटरवर दिवा लागतो. तीच घे. माझं ऐक, क्रांती चौकात शोरूम हाय, आत्ता इथून सरळ तिकडं जा आन् तीच घे. तिच्यात मिस्त्रीचा हातच लागत नाय. आन् हात लागत नाय म्हंजे — जाऊ दे. तीच घे.

काय म्हणलास? मिशीवरचा हात काढ की जरा. … हिला, ह्या जुनीला, ठेवता येईल का? आता काऊन विचारतो हे? कालपर्यंत तर तुला ती डोळ्यासमोर नको होती. नाय रे. नाय ठेवता येत. कंपनीनं मॉडेलच बंद केलं, इंजनाचं हेड मिळत नाय — पुण्याला विचारलं, हैदराबादला विचारलं, जुन्या बाजारात विचारलं, सगळीकडं नाय. मला काय बरं वाटतं का तिला असं पोट उघडून ठेवलेलं? चोवीस वर्षांचा होतास तू. पहिल्या नोकरीची पहिली गाडी, निळी, स्पोर्ट टूरर — अख्ख्या पडेगावात तसली गाडी नव्हती, पोरं नुसती बघायला यायची. लेहला गेलास तिच्यावर. परत आल्यावर आधी घरी नाय गेलास, आधी इथं आलास, तोंडावर ही एवढी धूळ, आन् म्हणलास, ‘चाचा, एकदा पण पाना नाय लावावा लागला.’ मी त्या दिवशी जेवलो नाय. पोट भरलं होतं माझं. आन् दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीला — मायला मागं बसवून! पाचशे किलोमीटर! मी म्हणलं, अरे, साठीची बाई हाय, रेल्वेनं ने. तर कडूबाई इथं, ह्याच बाकड्यावर बसून म्हणल्या, मजीदभाऊ, लेकाच्या गाडीवर जाते, मला कोण अडवतो बघते. मंग मी मागच्या सीटमधी स्पंज वाढवून दिला. अजून हाय बघ तो. हात लाव. दबलाय, पण हाय.

तू मेंटेनन्स मेंटेनन्स म्हणतो, पण मेंटेनन्स म्हंजे काय रे? दर दुसऱ्या रविवारी तू यायचा, चेन साफ करायची, तू फडकं धरायचा, मी ऑइल सोडायचो, दीड तास जायचा आन् दीड तासात आपण दुनियेला शिव्या देऊन मोकळं व्हायचो. आन् वैजापूरला मायकडं निघालास की समोरून दोनदा हॉर्न. मी मान वर न करता नुसता हात वर करायचो. मधी एकदा तू विचारलंस, ‘चाचा, नाराज हाय का, आजकाल हात करत नाय.’ मी म्हणलं कामात होतो. … कामातच होतो.

हे बघ, मी सगळं ऐकलंय. तू मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी काय बोललास ते. मी मागच्या रांगेत बसलो होतो, भन्तेजी बोलत होते ते मला काही — लांब होते ते. पण मंग तू उभा राहिलास. म्हणलास, मायचा फोन आला होता, श्वास लागलाय म्हणली, मी लगेच निघालो, लासूर सोडलं आन् चढावर गाडीचा दमच गेला. किक मार मार मारली. मंग कांद्याच्या पिकअपमधी उभा राहून वैजापूरला पोचलो, तर पाऊण तास आधी सगळं झालं होतं. आन् शेवटी म्हणलास, ‘पंधरा वर्षं जिला जपलं त्या गाडीनं धोका दिला.’ साफ दिसलं मला. म्हंजे ऐकलं. ऐकलं म्हंतो मी.

असं बघू नको.

बरं. दिसलं. तुझ्या ओठांवर दिसलं, दिसलंच म्हणलो मी. आता निसटलं तोंडातून तर निसटलं, किती दिवस झाकायचं — तुझ्यापासून झाकणार होतो, आज पण झाकणारच होतो, म्हून तर सकाळपासून घोकत होतो, बॅटरीची घे म्हणायचं, चहा पाजायचा, तुला वाटेला लावून द्यायचं. भूषण, मला ऐकू येत नाय. म्हंजे अजान येती, ट्रकचा आवाज येतो, जाड-जाड येतं सगळं. बारीक येत नाय. पहिलं कुकरची शिट्टी गेली. मंग पाखरं. मंग सदफचा आवाज गेला — माझ्या लेकीचा आवाज — ती बोलायची आन् मी तिच्या तोंडाकडं बघून हौ हौ करायचो. तिच्याच ध्यानात आलं आधी. घाटी दवाखान्यात नेलं तिनं, डॉक्टर म्हणले नस सुकली, चाळीस वर्षं इंजनापाशी कान लावलाय, आता काय उपाय नाय. मशीन दिलं कानात घालायचं. त्या ड्रॉवरमधी हाय. घातलं की ग्राइंडर डोक्यात फिरल्यावानी होतं, आन् टकटक तरी येतच नाय. आन् मिस्त्रीच्या कानात मशीन बघितल्यावर कोण गाडी देईल, तूच सांग? तू दिली असती?

आता ऐक, टॅपेट काय असतं ते तुला माहीत हाय, तरी सांगतो. इंजनाच्या व्हॉल्व्हवर केसाएवढी फट ठेवायची. फट हाय तर टकटक येती, बारीक, घड्याळावानी. फटच नाय ठेवली तर टकटक बंद, गाडी एकदम मऊ, गिऱ्हाईक खूश — पण आत व्हॉल्व्ह पुरता मिटत नाय, आग तिथून निसटती आन् त्याची कड खात बसती. महिनोन् महिने खाती. बाहेर काही कळत नाय. बाकीचे मिस्त्री पट्टी घालून मोजतात फट. मी नाय मोजली कधी. आमचे उस्ताद पट्टीला हात लावू द्यायचे नाय — ते म्हणायचे, कान हाय ना तुला? पेचकसाचं टोक इंजनावर टेकवायचं, दांडा कानामागच्या हाडावर, आन् डोळे मिटून पेच फिरवायचा. अख्ख्या शहरातून लोकं यायचे माझ्याकडं, का? कानासाठी. ह्या कानासाठी. पट्टी हाय माझ्याकडं, सदफनं आणून दिली, त्याच ड्रॉवरमधी, कागदसुद्धा काढला नाय मी. गिऱ्हाइकासमोर पट्टी काढली असती ना, तर मी मेलोच असतो. असं वाटायचं मला. आता बघ, कोण मेलं.

मागच्या दिवाळीआधी तू आलास, म्हणलास, ‘चाचा, टॅपेट वाजतंय जरा.’ मी पेचकस लावला. काही नाय. दुसऱ्या कानाला लावला. काही नाय. नुसतं धडधड, लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालल्यावानी. आन् तू समोर उभा, चालू गाडीकडं कान देऊन, कपाळावर आठी. मंग मी काय केलं सांगू? तुझ्या तोंडाकडं बघून पेच फिरवला. थोडा फिरवायचा, तुझ्याकडं बघायचं. थोडा फिरवायचा, बघायचं. तुझी आठी गेली तेव्हा थांबायला पाहिजे होतं — थांबलो का मी? नाय थांबलो. भीती वाटली. म्हणलं हा रस्त्यात गेल्यावर परत वाजलं तर? परत येईल, म्हणेल मजीदचाचाला आता ऐकू येत नाय. म्हून अजून एक चिमूट कसला. तुझ्याच गाडीचा नाय, सगळ्यांच्याच गाडीचा कसत होतो तेव्हापासून. तू जाताना म्हणलास, ‘वा चाचा, लोण्यावानी झाली.’ मी छाती फुगवून उभा राहिलो इथं.

थांब, अजून एक. हे सांगितलं नाय तर बाकीचं सांगून उपयोग नाय. भीमजयंतीच्या आदल्या दिवशी तू मायला घेऊन आला होतास, हवा भरायला. गाडी चालूच होती. कडूबाई पांढरं लुगडं सावरत उतरल्या आन् गाडीपाशी थांबल्या. तू हवेच्या नळीपाशी होतास, मी त्यांच्याजवळ. त्या म्हणल्या — त्यांचं बोलणं मला कळायचं, त्या तोंड भरून बोलायच्या — म्हणल्या, ‘मजीदभाऊ, ही पहिलं कोंबडीवानी टकटक करायची, मला अंगणातनं कळायचं भूषण आला म्हून. आता मुकी झाली व्हय?’

त्यांना कळलं होतं. सगळ्या शहरात एका बाईला कळलं, जिनं कधी पाना हातात नाय धरला. मला तवाच डोक्यात लख्ख झालं — फट नाय राहिली, व्हॉल्व्ह जळतोय. एक पेच ढिला करायचा होता. एक. हवा भरस्तोवर झालं असतं. आन् मी मोठ्यानं, तुला ऐकू जाईल असं म्हणलं, ‘माय, गाडी बरी हाय, तुमचे कान गेले आता.’ तू हसलास. त्या पण हसल्या बिचाऱ्या. कानाला हात लावून म्हणल्या, व्हय बाबा, वय झालं. मी घातलेली तोहमत, तो खोटा आळ, घेतला त्यांनी स्वतःवर आन् गाडीवर बसून गेल्या.

हे फडकं उघड. उघड ना, चावत नाय. परवा हेड खोललं तवा निघाला हा व्हॉल्व्ह. कड बघ — कुरतडल्यावानी. म्हातारपणानं असं होत नाय, भूषण. दुसऱ्या कुठल्या बी मिस्त्रीला दाखव, तो एका नजरेत सांगेल, टॅपेट टाइट होतं. मी तुला म्हणलं होतं, गाडीचं वय झालं. मी लपवून ठेवला हा, फेकून द्यायला नाल्यापर्यंत गेलो आन् परत आलो. गाडीनं काही धोका दिला नाय रे. ती सहा महिने जळत जळत तुला वैजापूरला नेत होती. तो पाऊण तास माझ्याकडं हाय. परत देता येत नाय मला. दुसरं काय पण माग. गॅरेज बंद करतो, केलंच समज, सदफला सांगून झालंय. पण त्यानं काय होतं? काहीच होत नाय, मला माहीत हाय.

बोल ना. शिवी दे. तुझ्या बापाच्या वयाचा हाय म्हून थांबू नको.

… भूषण, असा पाठ करून उभा राहू नको बेटा. खांदे हलले तुझे — बोललास का काही? रडतोस का बोलतोस? काय म्हणलास? मला पाठीवरचं वाचता येत नाय रे. इकडं तोंड कर. शिवी होती का — का दुसरं काही म्हणलास? एकदा इकडं बघून म्हण. जे म्हणलास तेच म्हण, कमीजास्त करू नको, फक्त इकडं बघ. भूषण… नाय वळत?

बरं.

जा. ती बॅटरीचीच घे. आन् ती घेऊन इथून जाताना हॉर्न नको वाजवू. नुसता जा.