तुटलेला दांडा

(साल २०१९, ऐन उन्हाळा. उंद्रीजवळच्या शेताचा बांध; केकताडाचा (घायपाताचा) उंच फुलदांडा कापून आडवा पडलेला. सोजराबाई, तिचा मुलगा गोपाल, सून डिंपल.)

सोजराबाई : ...पन कापला काऊन? मी पंधरा दिवस पोरीकडं डोणगावले काय गेली!

गोपाल : माय, तूच म्हने ना, फुलोरा आला की केकताड मरते? मंग कांद्याचा डेंगळा, फुलाचा दांडा मोडतो, तसा कापला. डेंगळा मोडला की कांदा पोसते. म्हटलं, तुहं केकताड बी वाचन.

डिंपल : मी म्हटलं होतं आत्याबाई, तुमाले इचारू द्या. पन यायले दम कुठं!

सोजराबाई : अरे भल्या मानसा, हा काय कांदा हाय? वीसेक वर्सं पानात पानी साठवत बसलं. मंग एका महिन्यात सारं अंग दांड्यात ओतलं, निरा विजेच्या खांबावानी वर गेलं. आता ते कापल्यानं थांबते व्हय?

गोपाल : म्हंजे मरनच?

सोजराबाई : मरनच. अन पिल्लं बी गेली. फुलं गळली की त्याच दांड्यावर पिल्लं धरतात, पानामुळासकट. खाली पडली की रुजतात.

गोपाल : बाकीची केकताडं हायेत ना...

सोजराबाई : कुठं हायेत? बांध सरळ करतानी जेसीबीनं नेली सारी. तुह्या बापाच्या हातचं हे एकच होतं.

डिंपल : मामंजी याचेच दोर वळत?

सोजराबाई : हो. पानं नाल्यात सडवायची, दगडावर ठोकायची. गर गेला की पांढराफेक वाख, लांब लांब धागे. हात खाजून खाजून लाल होत, पन मानूस थांबत नसे. बैलाचे कासरे, खाटा, या गोपालचा पाळना बी त्याच दोरावर.

डिंपल : आत्याबाई... हिकडं या. दांड्यापाशी.

सोजराबाई : काय पाहू आता?

डिंपल : फुलं उमलली. माशा पाहा किती!

गोपाल : मुळी नाही, माती नाही... पानी कुठलं पेते हे?

सोजराबाई : बाप्पा! आपल्याच अंगातलं पिऊन राह्यलं. सारा जनम गेला केकताडात, पन हे नाही पाह्यलं मी.

गोपाल : उचलून घरी नेऊ?

सोजराबाई : हात नको लावू! बाळंतिनीले कोनी हलवते व्हय?

(सहा वर्षांनी, त्याच बांधावर. गोपाल, डिंपल आणि त्यांची मुलगी छकुली.)

छकुली : बाबा, ही सारी त्या एका दांड्याची?

गोपाल : सारी. त्या नाल्यापर्यंत.

डिंपल : तवापासून तुहे बाबा तन काढतानी बी आधी मले इचारतात.

गोपाल : हस, हस. मायझाड मात्र वाळून गेलं.

छकुली : अन आजी?

डिंपल : ती पुढच्याच होळीच्या आधी वारली. पन पयलं पिल्लू रुजलेलं पाह्यलं तिनं.

छकुली : काय म्हने?

डिंपल : लांबूनच चपला काढल्या, अन जवळ जाऊन बसली.