टाकीवरची म्हैस

अमरावतीच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या गीतांजलीच्या शेजारी वलगावची तानुबाई बसली होती. जाड होण्याच्या धास्तीनं जेवण सोडलेली अन् आता कुठं सावरत असलेली तानुबाईची नात प्रणाली मांडीवर डबा उघडून नुसतीच बसलेली.

“आजी, माह्या डब्याकडं पाहू नको.”

“डाक्टरनं मले मनाईच केली ना! मी म्हशीचं सांगून राहिली. आपली म्हैस पाण्याच्या टाकीवर चढली.”

“शिडीनं?”

“मंग का लिफ्टनं? वर जाऊन रवंथ करत बसली.”

“थापाडी! मंग उतरली कशी? थांब, तोंडात घास हाये.”

“गीतांजलीबाई, तुमचा नंबर!”

“सिस्टर, दुसऱ्याले घ्या. म्हैस अजून वरच हाये.”

“आजी, माहा डबा अर्धाच राहिला. आता तरी उतरव तिले.”

“इतक्यात? तिच्या मागं रेडा चढून राहिला.”